मागे म्हणजे कुठे

उजळणी क्रीम शेवटी बाजारातून मागे घेण्यात आलं. तसा कागद आहे, कागदावर गोल शिक्का आहे, शिक्क्याच्या पोटात सही आहे आणि सहीखाली तारीखसुद्धा आहे. एवढ्या चार गोष्टी एका जागी जमल्या की घटना घडली असं धरतात. तेव्हा गोष्ट संपली. वाचणाऱ्यांनी आपापल्या कामाला लागावं.

ज्यांना काम नाही त्यांनी असं समजावं की हे काही झालेलंच नाही. समजायला जड जाणार नाही, कारण ते खरंच झालेलं नाही.

झालं ते असं.

दोघी बहिणी होत्या, थोरली आणि धाकटी. रस्त्याला लागून, दोन पायऱ्या चढून, एका खोलीत त्यांचं ब्युटी पार्लर होतं. आत दोन खुर्च्या. दाराजवळची ताठ पाठीची खुर्ची थोरलीची. तिच्यावर आयब्रो व्हायच्या. आतली, मागे कलणारी, धाकटीची, तिच्यावर फेशियल. थोरलीच्या हाताबद्दल बायका म्हणायच्या की हिच्याकडून भुवया करून गेलं की घरचे दोन मिनिटं तरी ऐकून घेतात, चेहऱ्याला जरब येते. आता भुवया करताना दोऱ्याचं एक टोक दातात धरावं लागतं. त्यामुळे थोरलीला दिवसभर तोंड उघडता यायचं नाही, आणि जे जे बोलायचं राहून जायचं ते संध्याकाळपर्यंत आत साठत जायचं. तिच्या रागाचं मूळ हे असं निव्वळ तांत्रिक होतं. पुढे त्याला कारणही मिळालं.

धाकटीचा एक नियम होता. कुठलंही नवं क्रीम आलं की गिऱ्हाईकाला लावायच्या आधी तीन आठवडे स्वतःला लावायचं. "गिऱ्हाईकाचं तोंड ही दुसऱ्याची वस्तू आहे," ती म्हणायची. "आपलं काय, घरचंच आहे."

उजळणी क्रीम आलं ते पांढऱ्या डबीत, सोनेरी झाकणाचं. झाकणावर लिहिलं होतं: "उजळणी. रोज करावी." धाकटीनं रोज केली. पहिल्या आठवड्यात ती अशी काही उजळली की शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं तिच्या कागदाची प्रत मूळ कागदापेक्षा चांगली काढून दिली. दुसऱ्या आठवड्यात खाज सुटली. "खाज म्हणजे काम करतंय," कंपनीचा एजंट म्हणाला. तिसऱ्या आठवड्यात त्याचं काम पूर्ण झालं. दोन्ही गालांवर काळपट तपकिरी डाग उठले, नीट कडा असलेले, भूगोलाच्या वहीतल्यासारखे.

"डाव्या गालावर बेट आहे," धाकटी आरशात बघत म्हणाली. "उजव्यावर देश आहे. आणि त्याची हद्द रोज पुढे सरकतेय. कुणाशी लढतोय कोण जाणे."

थोरली हसली नाही. तिच्या दातांत दोरा होता.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी डबी तपासणीला पाठवली. अहवालात पारा निघाला.

"पारा म्हणजे थर्मामीटरमधला?" थोरलीनं विचारलं.

"तोच. आणि भरपूर."

"डाग जातील ना?"

"काही फिके होतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि खाली बघून लिहायला लागल्या. 'काही' म्हणताना डॉक्टर लोक खाली बघतात.

पार्लरच्या समोर, रस्ता ओलांडला की, एक जनरल स्टोअर्स होतं. दुकानदाराला सगळे काका म्हणायचे. त्यांच्या काचेच्या कपाटात उजळणीच्या डब्यांचा मनोरा रचलेला असायचा, आणि तो मनोरा पार्लरमध्ये आतल्या खुर्चीसमोरच्या आरशात बरोब्बर मधोमध दिसायचा. धाकटी फेशियल करायला उभी राहिली की आरशात गिऱ्हाईकाचा चेहरा, त्याच्या वर तिचा चेहरा, आणि त्याच्या वर मनोरा. चार दिवस तिनं हे बघितलं. पाचव्या दिवशी तिनं ॲप्रन काढला, त्याची घडी घातली आणि स्कार्फ तोंडाभोवती गुंडाळला.

"ते समोर विकलं जातंय तोवर मी या दारातून आत येणार नाही," ती म्हणाली आणि दोन पायऱ्या उतरून गेली.

हे ऐकायला जेवढं वाटतं त्यापेक्षा गंभीर होतं. धाकटीनं याआधी आयुष्यात एकच शपथ घेतली होती. दुधाची साय खाणार नाही, अशी. वय वर्षं चार. ती शपथ अजून चालू होती.

तेव्हापासून आतली खुर्ची रिकामी राहिली आणि थोरलीला आयुष्यात एकच काम उरलं: ते क्रीम समोरून घालवायचं.

ती आधी सरळ रस्ता ओलांडून गेली.

"काका, हे काढा इथून. यात पारा आहे. अहवाल आणलाय."

काकांनी अहवाल दोन्ही बाजूंनी बघितला. मागची बाजू कोरी होती, ती त्यांनी जास्त वेळ बघितली. "ताई, मी कायद्यानं चालणारा माणूस आहे. वरून सांगितलं की काढतो. तुमच्या सांगण्यावरून काढायला लागलो तर उद्या कुणी येऊन म्हणेल साबण काढा."

"साबणानं तोंड जळत नाही."

"डोळ्यात गेला की जळतं," काका म्हणाले. "बघा, तुम्हालाच पटलं."

थोरलीला काहीएक पटलं नव्हतं. ती प्रसाधनांच्या सरकारी कार्यालयात गेली. तिथं टेबल क्रमांक तीन हे 'असुरक्षित प्रसाधने मागे घेणे' या कामाचं टेबल होतं. टेबलामागे एक कारकून होता, अतिशय सज्जन. त्याच्यावर नीट रागावताही येत नव्हतं आणि म्हणून त्याचा जास्तच राग यायचा.

"बसा ना. कुठल्या दर्जाचं मागे घेणं हवंय?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"तीन दर्जे आहेत. पहिला, जीव जाणं किंवा कायमचा अपाय. त्यात चोवीस तासांत माल उचलतात. दुसरा, भरून येणारा अपाय. त्यात महिनाभर. तिसरा, अपाय नाही पण नियमात बसत नाही. लेबलवर काहीतरी चुकलंय, वगैरे. त्यात यथावकाश."

"मग पहिला लिहा. अपाय कायमचा आहे."

"कायमचा आहे हे कशावरून?"

"डाग जात नाहीयेत."

"ते आत्ता जात नाहीयेत," कारकून समजुतीनं म्हणाला. "कायमचा म्हणायचं तर कायम होऊन जावं लागतं. व्यक्ती हयात आहे तोवर सुधारणा होऊ शकते, असं धरतात."

"म्हणजे ती मेल्यावर कळणार, की डाग कायमचे होते."

"नाही नाही, त्याची गरजच पडणार नाही." त्यानं हात जोडल्यासारखं केलं. "गेल्या तर जीव जाणं या कारणाखाली त्या आपोआप पहिल्या दर्जातच येतील."

थोरलीनं त्याच्या भुवया बघितल्या. दाट होत्या, मध्ये जुळलेल्या. तिच्या हातात आत्ता दोरा असता तर तिनं त्या एका झटक्यात कायमच्या दुसऱ्या दर्जाच्या करून टाकल्या असत्या.

"मग निदान दुसरा तरी लिहा."

"दुसऱ्याला भरून येत असल्याचा दाखला लागतो. आणि तुम्ही तर म्हणता जात नाहीयेत." त्यानं पेनाचं टोपण काढलं. "माझं ऐका, तिसरा घेऊ. लेबलवर पारा लिहिलेला नाही, हा दोष अगदी स्पष्ट आहे. पारा असण्याबद्दल वाद होऊ शकतो. न लिहिण्याबद्दल होऊच शकत नाही."

मग त्यानं बॅच क्रमांक विचारला. बॅच क्रमांक डबीवर नसतो, डबीच्या बाहेरच्या खोक्यावर असतो, आणि खोकं लोक घरी जाताच फेकून देतात. पण थोरलीची सवय अशी, की क्रीमची रिकामी खोकी ती दोऱ्याची रिळं ठेवायला वापरायची. तिनं पिशवीतून उजळणीचं खोकं काढलं, आतली दोन रिळं काढून टेबलावर ठेवली आणि खोकं पुढे सरकवलं. कारकून जरा हिरमुसला. क्रमांक नसला की अर्ज तिथंच संपतो, आणि त्याची जेवणाची वेळ झाली होती.

पुढचे पाच महिने थोरली दर मंगळवारी, पार्लरच्या सुट्टीच्या दिवशी, टेबल तीनवर जाऊन 'यथावकाश' म्हणजे कधी ते विचारत राहिली. बाकी सहा दिवस ती दाराजवळच्या खुर्चीपाशी उभी राहून समोरच्या मनोऱ्याकडे बघायची. काका मनोरा रोज सकाळी नव्यानं रचायचे. संध्याकाळपर्यंत वरचे दोन थर गेलेले असायचे. हे थर कुठे जातात हे थोरलीला सांगायला लागत नव्हतं, कारण महिन्या-दीड महिन्यानं ते तिच्याच खुर्चीत येऊन बसायचे. एक बँकेतली बाई आली, हनुवटीवर लाल पट्टा. एक शाळेतल्या मुख्याध्यापिका आल्या, कपाळावर नुकतंच एक बेट उगवत होतं.

थोरलीनं दोरा तोंडातून काढून सांगितलं, "बाई, ते क्रीम बंद करा. आजच. त्यात पारा आहे."

मुख्याध्यापिकाबाई आरशातून तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्याकडचं फेशियल बंद झालंय ना सध्या? कळलं मला. धंद्यात असं होतं. पण दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवू नयेत."

थोरलीनं दोरा पुन्हा दातात धरला. त्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंच्या भुवया इतक्या कोरीव झाल्या की शाळेत दोन दिवस कुणी खिडकीबाहेर बघितलं नाही.

घरी धाकटी स्कार्फ बांधून भाजी चिरायची. घरात, खिडकी लावून, स्कार्फ बांधून. थोरली म्हणायची, "आता तरी काढ." धाकटी म्हणायची, "सवय ठेवतेय." याहून जास्त दोघी बोलायच्या नाहीत. ज्या घरात पूर्वी दोघींच्या बडबडीनं कुकरची शिट्टी ऐकू यायची नाही तिथं आता कुकर एकटाच बोलत होता.

सहाव्या महिन्यात आदेश निघाला. एकच वाक्य होतं. "सदर उत्पादन सर्व विक्रेत्यांनी तात्काळ मागे घ्यावे." थोरलीनं त्याच्या तीन प्रती काढल्या, एक समोर नेऊन काकांच्या हातात दिली आणि न बोलता परत आली. दारातून तिनं बघितलं. काकांनी चष्मा लावला, वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग खरोखरच, एकेक करून, मनोरा उतरवायला लागले. अर्ध्या तासात कपाटाचा तो खण रिकामा झाला. काकांनी तिथं प्लास्टिकच्या बादल्या मांडल्या.

थोरलीनं फोन लावला. "ये."

धाकटी आली. स्कार्फ होता, पण सैल. पायऱ्यांपाशी थांबून तिनं मागे वळून समोर बघितलं. बादल्याच बादल्या. तिनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसऱ्या पायरीवर ठेवणार, तेवढ्यात एक बाई समोरच्या दुकानात शिरली, इकडेतिकडे बघितलं आणि काउंटरवर वाकून हळूच म्हणाली. हळूच म्हणजे रस्त्यापलीकडे ऐकू येईल इतपत हळू.

"काका, ते मागचं आहे का?"

काका आत गेले आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. बाईनं ते पिशवीत टाकलं. कागदातून सोनेरी झाकण चमकलं.

धाकटीनं दुसऱ्या पायरीवरचा पाय खाली घेतला, मग पहिल्या पायरीवरचा. स्कार्फ घट्ट केला. थोरलीकडे बघितलंसुद्धा नाही. गेली.

थोरली रस्ता कशी ओलांडून गेली ते तिला आठवत नाही. एका रिक्षावाल्याला आठवतं.

"काका, आदेश दिला होता ना मी तुम्हाला?"

"दिला होता. पाळला की." काकांनी काउंटरच्या काचेखाली घातलेली प्रत बोटानं दाखवली. "मागे घ्यावे. घेतलं मागे. मागच्या खोलीत. एक डबी पुढे ठेवली असेल तर दाखवा."

"मागे घ्यावे म्हणजे बंद करावे."

"मग बंद करावे असं लिहायचं. सरकारला बंद लिहिता येत नाही का? 'दुकाने बंद ठेवावीत' लिहितात की दर वेळी." काका दुखावले होते. "तात्काळ म्हटलं होतं. मी अर्ध्या तासात घेतलं. कंबर धरली माझी."

"आणि विकताय?"

"विकू नये असं कुठे लिहिलंय? आता मागचं म्हटल्यावर लोकांनाच ओढ लागली. मी काय करू? पुढचं सगळीकडे मिळतं म्हणतात."

त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी शोधायचा थोरलीनं कसून प्रयत्न केला. सापडली असती तर बरं वाटलं असतं. पण हा माणूस मनापासून आज्ञाधारक होता, आणि आज्ञाधारक माणसाच्या तोंडावर हात उचलायचा तर सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही.

पुढचा मंगळवार. टेबल तीन.

"ते क्रीम अजून विकलं जातंय," थोरली म्हणाली.

कारकुनानं मोठी वही काढली, पानं उलटली, बोट एका ओळीवर ठेवलं. "तुमचं प्रकरण मिटलंय. तुम्ही तक्रार मागे घेतलीत."

"मी?"

"हे बघा ना." वहीत छापील मजकूर होता: 'तक्रार / उत्पादन मागे घेतले. नको ते खोडावे.' त्यातला 'उत्पादन' हा शब्द निळ्या शाईनं, पट्टी लावून, सुबक खोडला होता. उरलं होतं: तक्रार मागे घेतले.

"उत्पादन कुणी खोडलं?"

"मीच," कारकून म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता. "नको ते खोडावे असं लिहिलंय. तुम्हाला काय नको होतं? उत्पादन. म्हणून मी उत्पादन खोडलं. पट्टी लावून खोडलं. मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल."

थोरलीनं त्या खोडलेल्या शब्दावरून बोट फिरवलं. मग तिनं विचारलं, "हे परत उघडता येतं?"

"मागे घेतलेली तक्रार मागे घेतल्याचं मागे घेता येतं," कारकून म्हणाला, आणि त्यालाच त्या वाक्यात थोडं फिरल्यासारखं झालं असावं, कारण त्यानं पाणी प्यायलं. "नाहीतर एक करतो. पाहणी लावतो. निरीक्षकबाई जाऊन बघून येतील."

निरीक्षकबाई आल्या, आणि लवकर आल्या. गुरुवारी सकाळी त्यांनी समोरच्या फुटपाथवरून काकांच्या कपाटाकडे बघितलं, बादल्या बघितल्या, हातातल्या फळीवर लावलेल्या कागदावर बरोबरची खूण केली आणि रस्ता ओलांडून सरळ पार्लरमध्ये शिरल्या.

"आयब्रो," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "लवकर करा हं. दुपारी ओळखपत्रासाठी फोटो काढायचाय. मागच्या वेळी असा आला की दारावरचा शिपाई मला आत सोडेना."

थोरलीनं त्यांच्या मांडीवरचा फळीचा कागद बघितला. वर कार्यालयाचं नाव होतं. खाली उजळणीचं. मध्ये बरोबरची खूण.

तिनं दोरा दातात धरला आणि डावी भुवई केली. केली म्हणजे अशी केली की तिच्या हातून तशी पुन्हा होणार नाही. कमानदार, टोकाशी निमुळती, एक केस इकडे नाही की तिकडे नाही. मग तिनं आरसा निरीक्षकबाईंच्या हातात दिला, दोरा तोंडातून काढला आणि रिळाला गुंडाळायला लागली.

"वा," निरीक्षकबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आणि दुसरी?"

"दुसरी तुम्ही समोरच्या दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन आल्यावर."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तिथं ते क्रीम आहे. तुम्ही ते बघा, जप्त करा, लिहून आणा. मी इथंच आहे. दोराही इथंच आहे."

निरीक्षकबाईंनी पुन्हा आरशात बघितलं. डावी भुवई बघून उजवीकडे बघितलं की उजवी बाजू झुडपासारखी वाटत होती. डावी नुसती चांगली असती तर चाललं असतं. ती फार चांगली होती. माणसाला आपली उजवी बाजू इतकी परकी कधी वाटली नसेल.

"हे सरकारी कामात दबाव आणणं आहे," त्या म्हणाल्या.

"हो," थोरली म्हणाली.

बाई उठल्या. पर्स उजव्या डोळ्यावर धरून रस्ता ओलांडला. काकांनी त्यांना आदरानं मागच्या खोलीत नेलं, दिवा लावून दिला, बसायला स्टूल दिलं. थोरली दारात उभी राहून बघत होती. तिनं फोन काढला, धाकटीचा नंबरही काढला, पण लावला नाही. आधी कागद हातात पडू दे, ती स्वतःला म्हणाली.

दहा मिनिटांनी निरीक्षकबाई परत आल्या, खुर्चीत बसल्या आणि कागद पुढे केला. "घ्या. गेले, बघितलं, लिहिलं. डब्या आहेत तिथं. अगदी छताला टेकल्यात."

थोरलीनं वाचलं. "माल मागे आढळला. आदेशाचे पूर्ण पालन झाले आहे. प्रकरण बंद करावे." शिक्का. सही. तारीख.

हाच तो कागद. सुरुवातीला सांगितलेला.

थोरलीनं तो दोनदा वाचला. मग आरशात निरीक्षकबाईंकडे बघितलं. बाईंनी डोळे मिटून मान मागे टेकवली होती आणि उजव्या भुवईजवळची कातडी नियमाप्रमाणे दोन बोटांनी ताणून धरली होती.

"बाई," थोरली शांतपणे म्हणाली, "उरलेली भुवई मी मागे घेतली."

"काय?"

"मागे घेतली. आता ती तुमच्या मागे आहे. बघा सापडते का."

बाई आधी हसल्या. मग थोरली रीळ खोक्यात ठेवतेय हे त्यांनी बघितलं. खोकं उजळणीचं होतं. मग त्या हसायच्या थांबल्या, आणि त्यांनी जे जे म्हटलं ते थोरलीनं ऐकून घेतलं. सहा महिने ती हेच करत आली होती, पण या वेळी तिला त्याचा अजिबात त्रास झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता नोटीस आली. दुसऱ्या दिवशी. सकाळी. दहा वाजता. हाती आणून दिली, पोचपावतीसह. थोरलीनं लिफाफा फोडला. 'असमान भुवई केल्याबाबत.' एकूण चार परिच्छेद. अपायाचा दर्जा: पहिला. खुलासा चोवीस तासांत सादर करावा. सोबत ओळखपत्राच्या फोटोची साक्षांकित प्रत.

चोवीस तास. तिसऱ्या दर्जाचं ते क्रीम सहा महिन्यांत मागच्या खोलीपर्यंत पोचलं होतं आणि ही भुवई एका रात्रीत पहिल्या दर्जाची झाली होती. रागाच्या हातानं आयब्रो करता येत नाहीत, म्हणून थोरलीनं दुकान बंद केलं. म्हणजे पाटी उलटी फिरवली आणि आतच उभी राहिली.

मग तिनं निरीक्षकबाईंचा तो ओळखपत्राचा फोटो धाकटीला पाठवला. सोबत काही लिहिलं नाही.

वीस मिनिटांनी धाकटी पायऱ्यांपाशी उभी होती. स्कार्फमधून आधी फुसफुस ऐकू आली आणि मग ती खो-खो हसायला लागली. एक पायरी चढली, दुसरी चढली आणि बरोब्बर उंबरठ्यापाशी थांबली.

"मी आत आलेली नाही," ती म्हणाली. "नोंद घे."

"घेतली."

"समोर अजून विकताहेत?"

"आत्ताच एक गेली. कागदात गुंडाळून."

"मग मी इथूनच सांगते. तू लिही. तुझं अक्षर रागात चांगलं येतं." धाकटी उंबरठ्याबाहेर पायरीवर बसली, समोरच्या दुकानाकडे पाठ करून. "आणि सरकारी भाषेत लिही. सदर वगैरे घाल. नाहीतर वाचणार नाहीत."

"तसंही वाचणार नाहीत."

"मग तर नीट लिही. कुणी वाचणार नसलं की चूक काढणारंही नसतं."

थोरलीनं आतल्या खुर्चीवरची सहा महिन्यांची धूळ पुसली, तिच्यावर बसली आणि नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागली. धाकटी एकेक वाक्य सांगत गेली, मध्येच हसत, मध्येच गप्प होत. थोरली तेच लिहीत गेली, फक्त हसली नाही. शेवटचा परिच्छेद मात्र धाकटीनं सांगितलेला नाही. तो थोरलीनं आपल्या मनानं लिहिला, आणि धाकटीला वाचूनही दाखवला नाही.

प्रति, टेबल क्रमांक तीन.

विषय: असमान भुवईबाबत खुलासा, तसेच इतर एक मागणी.

महोदय, उपरोक्त नोटिशीस अनुसरून कळवण्यात येते की, निरीक्षकबाईंची डावी भुवई ही साधारण वीस दिवसांत केस उगवून पूर्वीसारखी होईल व उजव्या भुवईशी तिचा मेळ आपोआप बसेल. सबब सदर अपाय 'भरून येणारा' या सदरात मोडत असल्याने त्याचा दर्जा पहिला नसून दुसरा आहे, ही चूक दुरुस्त करावी. भरून येत असल्याचा दाखला हवा असल्यास बाईंनी एकविसाव्या दिवशी समक्ष यावे. आम्ही बघून लगेच दाखला देऊ. यथावकाश देणार नाही.

आपल्या आदेशात 'मागे' असा शब्द आहे. मागे म्हणजे नेमके कुठे, खोलीत, वहीत की आणखी कुठे, हे अंतर व दिशा यांसह ठरवून द्यावे, जेणेकरून विक्रेत्यांना कंबर धरेपर्यंत डब्या उचलाव्या लागणार नाहीत.

तसेच, आपल्या कार्यालयास वस्तू मागे घेण्याचा पूर्ण अधिकार व अनुभव असल्याने अर्जदाराची अशी मागणी आहे की, तिच्या धाकट्या बहिणीचा चेहरा, जो तिने दुसऱ्याच्या तोंडाला काही होऊ नये म्हणून स्वतः पुढे केला होता, तो सदर डबी उघडल्याच्या आदल्या दिवशीपर्यंत मागे घेण्यात यावा, व त्या दिवशी सकाळी होता तसा, दोन्ही गालांसह, मूळ स्थितीत, समक्ष येऊन, पोचपावती घेऊन परत करण्यात यावा, ही विनंती.